शाळेच्या दिवशीच दुखणारं पोट

सोमवारी सकाळी साडेसहाला पोट दुखायला लागतं. ओवा-मीठ देऊन होतं, बेंबीवर हिंग लावून होतो. शाळेची व्हॅन खाली दोनदा हॉर्न वाजवून निघून जाते आणि दहाच्या सुमारास तेच पोर दोन पोळ्या खाऊन बॅट शोधत असतं. आजी म्हणते, ‘नाटकी आहे नुसता.’ चार-पाच सोमवार असे गेले की डॉक्टरांकडे फेरी होते, सोनोग्राफी होते, रिपोर्टमध्ये काही निघत नाही आणि आजीचं म्हणणं खरं ठरतं.

पण ते पोट बहुतेक वेळा खरंच दुखत असतं. कारणं अनेक असू शकतात: न झालेला गृहपाठ, गणिताची चाचणी, वर्गात ओरडणाऱ्या बाई. त्यातलंच एक कारण मूल स्वतःहून जवळजवळ कधीच सांगत नाही. वर्गात, व्हॅनमध्ये किंवा डब्याच्या सुट्टीत कुणीतरी त्याची वाट बघत असतं.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निकाल आला. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. जात, वर्ग, लिंग, अपंगत्व, धर्म यांवरून होणाऱ्या बुलिंगच्या तक्रारींसाठी गोपनीय व्यवस्था हवी, असंही आहे. तेव्हापासून पालकांच्या बोलण्यात ‘बुलिंग’ हा शब्द वाढलाय. तो नेमका कशाला लावायचा, यावर मात्र घरोघरी वाद आहे.

मराठीत याला एक शब्द नाही

चिडवणं, खोड्या काढणं, दादागिरी, रॅगिंग, वाळीत टाकणं. आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही, पण प्रत्येक शब्दात गोष्टीचा एकेकच कोपरा सापडतो. त्यातून मूल घरी येऊन सांगतं तेव्हा सगळ्यांत मऊ शब्द निवडतं. ‘आई, मला चिडवतात.’ आपणही तेवढंच ऐकतो. ‘चिडवू दे, तू लक्ष देऊ नकोस.’ विषय संपतो आणि पुढचे सहा महिने पुन्हा निघत नाही.

हा प्रश्न आपल्याच भाषेचा नाही. स्वीडनमध्येही 1960 च्या दशकाच्या शेवटापर्यंत याला नाव नव्हतं. पीटर-पाऊल हाइनेमान नावाच्या डॉक्टरांनी एक मूल दत्तक घेतलं होतं, ते सावळ्या वर्णाचं होतं, आणि आजूबाजूची पोरं त्याला घेरून छळत. त्या प्रकाराला नाव देताना त्यांनी पक्ष्यांच्या अभ्यासातला शब्द उचलला: ‘मॉबिंग’, स्वीडिशमध्ये ‘मॉब्निंग’. तो प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. दिवसाउजेडी चुकून एखादं घुबड उघड्या फांदीवर दिसलं की बघता बघता दहा-पंधरा कावळे जमतात, कर्कश ओरडतात, आळीपाळीने झेपावून टोचा मारतात आणि घुबड मान आत ओढून गप्प बसतं. त्या घेरण्याला अभ्यासक ‘मॉबिंग’ म्हणत.

पुढे डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने यात एक दुरुस्ती केली. घोळका दिसतो खरा, पण वर्गात पाहिलं तर सुरुवात करणारे नेहमीचेच एक-दोन असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. 1982 च्या शेवटी नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे बरोबरीच्या मुलांचा छळ असावा, असं समोर आलं. सगळा देश हादरला. पुढच्याच वर्षी सरकारने देशभर मोहीम काढली आणि ओल्वेयस यांनी बर्गेन शहरात सुमारे अडीच हजार मुलांवर तिच्या परिणामाचा अभ्यास केला. बुलिंगची आज जगभर जी व्याख्या वापरतात ती त्यांचीच. तिच्यात तीन खुणा आहेत: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा केलेलं असतं आणि जोर एकाच बाजूला असतो. या लेखात इथून पुढे ‘छळ’ म्हणेन तेव्हा या तीनही गोष्टी एकत्र, असं समजा.

तिसरी खूण सगळ्यांत कामाची. जोर म्हणजे दंडाचाच नव्हे. संख्येचा असतो, पैशांचा असतो, फाडफाड इंग्रजीचा असतो, आडनावाचा असतो, ‘तुझं गुपित मला माहितीये’ याचाही असतो. दोन मित्र एकमेकांना जाड्या आणि काड्या म्हणून हाका मारतात तेव्हा दोघांच्याही हातात दोरी असते. ज्याला हाक मारली तो तशीच हाक उलट मारू शकतो का, एवढं बघा. मारू शकत असेल तर ती खोडी.

मपल्या

आमच्या वर्गात सहावीत एक मुलगा आला. जुन्नरकडचा. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याची कंपासपेटी उचलली तर तो म्हणाला, ‘ए, ते मपलं हाय.’ मपलं म्हणजे माझं. त्या भागात घरोघरी बोलतात. आमच्या शहरी वर्गाने तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव ‘मपल्या’ झालं आणि दहावीपर्यंत तेच राहिलं.

त्याला कधी कुणी मारलं नाही. वही फाडली नाही. तो वर्गात शिरला की कुणीतरी दबक्या आवाजात ‘मपलंऽऽ’ म्हणायचं आणि मागच्या बाकापर्यंत खसखस पिकायची, एवढंच. डबा खायला तो जिन्याखाली जाऊ लागला. मग एके दिवशी सर हजेरी घेत होते, त्यांनी नेहमीसारखं नाव न घेता चष्म्यावरून बघत विचारलं, ‘काय, मपल्या आलाय का?’ वर्ग फुटला. तो उभा राहिला, ‘हजर’ म्हणाला आणि खाली बसला. त्याचे कान लाल झालेले मला अजून दिसतात. कारण मी त्याच्या मागच्या बाकावर होतो आणि सगळ्यांबरोबर हसत होतो.

शिक्षकाने मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केलंय. तो कायदा 2009 चा, आम्ही त्याआधीचे. पण हजेरीतला तो विनोद आजही बऱ्याच वर्गांत ऐकू येतो. सरांनी एकदा नाव घेतलं की छळावर शाळेचा शिक्का बसतो, हे सरांच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे छळाची सामग्री ठरलेली आहे: रंग, वजन, चष्मा, तोतरेपणा, बोली, जात. खासगी शाळेत 25 टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलाला ‘आरटीईवाला’ म्हणतात. मुलग्यांना ‘बायल्या’ म्हणतात. मुलींमध्ये बरेचदा शब्दही लागत नाहीत. ती आली की बोलणं थांबतं, ती गेली की सुरू होतं.

हे शेवटचं, न बोलण्याचं, मोठ्यांना सगळ्यांत किरकोळ वाटतं. गंमत अशी की मोठ्यांच्या बाबतीत आपण ते किरकोळ मानत नाही. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. त्यासाठी 2016 साली खास कायदा केला गेला आणि त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो शाळकरी पोरांना लावा असं अर्थातच कुणी म्हणणार नाही. पण पन्नाशीच्या माणसाला जे सोसवत नाही म्हणून कायदा लागतो, तेच चाळीस जणांनी मिळून दहा वर्षांच्या मुलीला केलं की आपण म्हणतो, ‘कट्टी घेतली असेल, होईल बट्टी.’

पोट का दुखतं?

पार्किंगमध्ये एखादी गाडी असते, जिचा अलार्म मांजर चालून गेलं तरी वाजतो. चोर आला तर वाजावा म्हणून बसवलेला, पण त्याची संवेदना इतकी वाढवून ठेवलेली की सगळी सोसायटी वैतागते. आपल्या मेंदूतही असा अलार्म आहे. धोका दिसला की तो शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची रसायनं सोडतो. हृदय जोरात धडधडतं, स्नायू ताठ होतात आणि त्या घडीला नको असलेली कामं मागे पडतात, त्यात पचन आलं. कुत्रा मागे लागला असेल तर ही सोय उत्तम, कारण पाच मिनिटांत कुत्रा जातो आणि अलार्म बंद होतो. वर्गातला कुत्रा रोज सकाळी सातला हजर असतो. मग शरीर आदल्या रात्रीपासूनच तयारीला लागतं. झोप उडते, पोट आवळतं, डोकं ठणकतं. रविवारी संध्याकाळपासून चिडचिड सुरू होते आणि सुट्टी जाहीर झाली की सगळं गायब होतं. दुखणं कॅलेंडर बघून येत असेल तर ते खोटं आहे असं समजू नका. कॅलेंडरच नीट वाचा.

अभ्यास का घसरतो, हेही यातच आहे. गर्दीच्या एसटीत उभं राहून, एक हात पाकिटावर ठेवून धडा वाचून बघा. डोळे ओळींवरून जातात, डोक्यात काही शिरत नाही. ज्या मुलाचं निम्मं लक्ष ‘मागून आता काय येणार’ याच्यावर असतं, ते दिवसभर त्या एसटीत उभं असतं. शाळेतून मात्र शेरा येतो: लक्ष देत नाही.

एकटं पाडण्यावर 2003 मध्ये एक साधा प्रयोग झाला होता. माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून पडद्यावर चेंडू फेकाफेकीचा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे दोन खेळाडू आपापसांतच चेंडू फेकू लागले. ते खेळाडू खरे नव्हतेच, संगणक होता. तरीही, शारीरिक वेदना नकोशी वाटते तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होतो, त्याच्यात हालचाल दिसली. अनोळखी माणसांनी काही मिनिटं चेंडू दिला नाही, त्याची ही गत. डब्याच्या सुट्टीत वर्षभर कुणी जवळ बसू दिलं नाही तर काय, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

‘मूल मुळातच हळवं असेल तर?’

हा प्रश्न रास्त आहे. हळव्या मुलांनाच लोक छळत असतील आणि उदासी आधीपासूनच असेल, तर दोष छळाला कसा द्यायचा?

संशोधकांनी यासाठी जुळ्यांकडे पाहिलं. एकाच बीजातून झालेली जुळी, म्हणजे जनुकं तीच, घर तेच, आई-वडील तेच. ब्रिटनमधल्या अशा जोड्यांत एकाचा शाळेत छळ झाला आणि दुसऱ्याचा नाही, तेव्हा छळ झालेल्यात भीती आणि उदासीची लक्षणं जास्त आढळली. हळवेपणा हा एक भाग असेल, पण सगळा हिशेब त्याने जुळत नाही.

‘आम्हीही सोसलं, काय बिघडलं?’

हा पुरुषांचा, त्यातही काकामंडळींचा आवडता मुद्दा. ब्रिटनमध्ये 1958 सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जातोय. ती 7 आणि 11 वर्षांची असताना पालकांना विचारलं होतं की मुलाला इतर मुलं त्रास देतात का. सात हजारांहून अधिक जणांची ती उत्तरं पुढे 50 व्या वर्षीच्या तब्येतीशी ताडून पाहिली. लहानपणी वरचेवर छळ झालेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त, शिक्षण कमी आणि स्वतःच्या आयुष्याविषयी समाधानही कमी निघालं. मधे चाळीस वर्षं गेली होती.

पण काका पूर्ण चूक नाहीत. हा धोका आहे, भविष्य नव्हे. पावसात भिजलेल्या प्रत्येकाला ताप येत नाही. जुळ्यांवरच्याच नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात छळानंतर काही वर्षांत चिंतेचा परिणाम बराचसा ओसरलेला दिसला. म्हणून छळ झालेल्या मुलाकडे ‘याचं आयुष्य वाया गेलं’ अशा नजरेने बघू नका, पोरांना ती नजर लगेच कळते. काकांच्या म्हणण्यात अडचण एवढीच की ‘मला काही झालं नाही’ हे सांगायला काका समारंभाला आलेले असतात. ज्याला झालं, तो शाळेच्या बॅचच्या ग्रुपमध्ये नसतोच.

आणि छळणारं मूल?

आपल्याला इथे खलनायक हवा असतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात 1,420 मुलांना त्यांच्या शाळकरी वयापासून पंचविशीच्या आसपास पोचेपर्यंत वेळोवेळी तपासलं गेलं. फक्त छळणारी मुलं पुढे समाजविघातक वागण्याकडे जास्त झुकली, हे अपेक्षितच होतं. पण मनाने सगळ्यांत खचलेली निघाली ती तिसरी मुलं, जी एकीकडे मार खात होती आणि दुसरीकडे देत होती. घरी बापाचा पट्टा, व्हॅनमध्ये मोठ्या मुलांच्या टपल्या आणि वर्गात आपल्याहून लहान दिसणाऱ्यावर हात. शाळेच्या दप्तरी असं मूल ‘उपद्रवी’ म्हणून नोंदलेलं असतं, त्यामुळे त्याच्याकडे मदत पोचायची शक्यता सगळ्यांत कमी. आपल्या मुलाबद्दल तक्रार आली तर ‘माझा असं करूच शकत नाही’ म्हणण्याआधी हे आठवावं.

‘एक ठेवून दे त्याला’

बाबांचा हा सल्ला जोर बरोबरीचा असेल तिथे कधी चालूनही जातो. पण बरोबरीचा असता तर तो छळ नसता. दुबळ्याने उगारलेला हात नेमका बाईंना दिसतो आणि शिक्षा त्यालाच होते. वर घरी सांगायची सोय जाते, कारण आता ‘तू मारलंस का मग?’ या प्रश्नाचं उत्तर नसतं. आईचा सल्ला, ‘दुर्लक्ष कर’, हाही तसाच. दुर्लक्ष करायला मन आधी शांत लागतं.

मुलाने पहिल्यांदा सांगितलं की उपाय सुचवूच नका. ‘बरं झालं सांगितलंस. मग काय झालं?’ एवढं पुरतं. ‘मी आत्ताच जातो शाळेत’ म्हणून चप्पल घालायला लागलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. काय करायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा. मूल जगण्यातच अर्थ नाही असं काही बोलू लागलं किंवा स्वतःला इजा करू लागलं तर मात्र थांबू नका. ‘मरावंसं वाटतं का तुला?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन वेगळी, ती मूल स्वतःही फिरवू शकतं.

शाळेत गेल्यावर

मुख्याध्यापकांच्या खोलीत दोघांना समोरासमोर उभं करतात. ‘चला, हात मिळवा, आता दोस्त.’ मोठ्यांना हायसं वाटतं. भांडण असतं तर हा उपाय बरा होता. छळात मात्र एकाच्या हातात दोरी असते आणि तिथे ‘तुम्हा दोघांचं मिटवा’ म्हणणं म्हणजे छळ झालेल्यालाही निम्मा दोषी ठरवणं. दोघांशी वेगवेगळं बोलायला हवं. तसं ठणकावून मागा.

तोंडी तक्रार हवेत विरते. कधी, कुठे, कोण, कोण बघत होतं हे तारखेनिशी लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महाराष्ट्रात शाळांना तक्रारपेटी ठेवायला सांगितलंय आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समितीही नेमायला सांगितलीय. ती आहे का, कोण आहे त्यात, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अर्थात पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगली असेल तर तिच्यात कोण चिठ्ठी टाकणार?

मोबाईलचं थोडक्यात. आमच्या मपल्याला संध्याकाळी पाचला सुट्टी होती, आताच्या मुलाला नाही. एकदाच टाकलेला फोटो चाळीस फोनवर चाळीसदा बघितला जातो, म्हणून ‘पुन्हा पुन्हा’ ही खूण इथे एकाच कृतीत पुरी होते. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मुलाचाच फोन काढून घेऊ नका, नाहीतर ते शिक्षा झाली असंच समजतं आणि पुढे लपवतं.

जे नुसते बघत असतात

कॅनडात शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून छळाचे प्रसंग टिपले होते. बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला दुसरी मुलं होती. मधे पडणारी फार थोडी, पण कुणी पडलंच तर निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. छळाला प्रेक्षक लागतात. फडात शिट्टी वाजली नाही तर खेळ रंगत नाही, तसंच.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी याच प्रेक्षकांना धरून ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा केला आणि 2009 पासून तो तिथल्या शाळांमध्ये देशभर पसरला. जादू नव्हे. जगभरच्या अशा कार्यक्रमांचा एकत्र हिशेब मांडला तर छळ साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो, त्याहून फार नाही. पण त्यातली एक गोष्ट कुठल्याही झेडपीच्या शाळेत बिनपैशाने करता येईल. छळणाऱ्याशी बोलून झालं की वर्गशिक्षक वर्गात वजन असलेली, मनाने चांगली अशी दोन ते चार मुलं निवडतात आणि त्यांना बाजूला घेऊन विचारतात: याला वर्गात जरा बरं वाटावं म्हणून तुम्हाला काय करता येईल? भाषण नाही, शपथ नाही.

आमच्या वर्गात अशी मुलं कोण होती, ते मी आजही नावानिशी सांगू शकेन. त्यातला एक आमचा कबड्डीचा कॅप्टन. आठवीत एकदा पाऊस गळून मपल्याचा बाक भिजला. कॅप्टन काही न बोलता सरकला आणि बाकावर हात आपटून म्हणाला, ‘ये, बस.’ छपराची डागडुजी व्हायला आठवडा लागला. तो आठवडाभर त्याला कुणी मपल्या म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. मग बाक वाळला.